टायपिंगसाठी मदत

"हे तिचं नाहीच, मॅडम. तुमचं आहे," मगदूम सर म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा मॉनिटर माझ्याकडे फिरवला.

रोहिणी वायदंडे दाराजवळ उभी होती. केबिनमध्ये तीन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मी मॉनिटरकडे बघितलंच नाही.

"रोहिणी, बस."

"राहू द्या मॅडम."

"बस म्हणते ना!"

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. दप्तर मांडीवर, दप्तरावर दोन्ही हात. ती रडून आलेली दिसत होती, पण आता रडत नव्हती. मला ते बरं वाटलं. रडणाऱ्या माणसासाठी भांडताना अर्धा वेळ त्याला पाणी देण्यात जातो.

"आता बोल, हणमंत," मी म्हणाले. मगदूम सर तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचे. आता ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते आणि मी निवृत्त होऊन आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येणारी बाई होते. चारचौघांत मी त्यांना सर म्हणत असे. राग आला की हणमंत.

"पुण्याच्या कंपनीनं हिला घेतलं होतं. तुम्हाला माहीत आहेच. मुलाखतीत हिनं आपल्या प्रयोगशाळेचं काम दाखवलं. सगळं मी उभं केलं, म्हणाली. त्यांनी मागाहून त्या कामाचा इतिहास उघडून बघितला. कुठल्या दिवशी कुणी काय बदललं, ते सगळं तिथं नोंदलेलं असतं. एकशे बारा नोंदी आहेत. एकशे बाराच्या एकशे बारा नोंदींवर नाव कुणाचं? विमल शेटे. एका ठिकाणीसुद्धा हिचं नाव नाही."

"मग?"

"मग काय मॅडम? चार वाजता त्यांचा फोन आहे. काम कुणाचं ते कॉलेजनं सांगायचं, नाहीतर निवड रद्द. आणि मी खोटं सांगू शकत नाही. उद्या कॉलेजचं नाव खराब झालं, तर पुढच्या पोरांना कोण घेणार?"

"खोटं सांग असं म्हणतंय कोण? काम तिचंच आहे."

"तुम्ही मोठ्या मनानं म्हणताय."

माझी कानशिलं तापली. मोठ्या मनानं! घड्याळात अडीच वाजले होते.

ते काम काय होतं, हे सांगायला हवं. आमच्या कॉलेजातले निम्मे कॉम्प्युटर इतके जुने होते की चालू केले की पंख्यासारखे घरघरत. मी मुलांना फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवत होते. मला तो विषय आवडतो, कारण त्यात बनवाबनवी चालत नाही. एका गोष्टीला एकदा एक किंमत दिली की दिली, मागून कुणी गुपचूप बदलू शकत नाही. पण त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरांवर बसेना. ते उतरवून घ्यायलाच तास जायचा, आणि निम्म्यावर वीज जायची. एकदा तर पूर्ण सहामाहीतले चार प्रॅक्टिकल नुसते ते सॉफ्टवेअर बसवण्यात गेले.

तेव्हा रोहिणीच एक दिवस म्हणाली, "मॅडम, हे सगळं ह्या डबड्यांत कशाला घालायचं? लांबच्या मशीनवर ठेवू की. आपण नुसतं ब्राउझर उघडायचं. तिथंच लिहायला एडिटर, तिथंच चालवायला कंपायलर. पोरांच्या मोबाइलवर पण उघडंल."

"मोबाइलवर?"

"माझ्याकडं कुठं लॅपटॉप हाय? भावाचा टॅब हाय, काच फुटलेला. त्याच्यावर उघडलं की सगळ्यांच्यावर उघडंल."

तिची आई तासगावजवळ बेदाण्याच्या शेडवर मण्यांची निवड करते. दर दिवाळीला रोहिणी मला बेदाण्याची पुडी आणून द्यायची, वर्तमानपत्रात बांधलेली, हिरवट लांब मण्यांची. "आईनं वेचून काढलेत," म्हणायची. त्या सहा आठवड्यांत रोज पाच वाजता वर्ग सुटला की ती माझ्या टेबलाशी यायची आणि तासगावच्या सातच्या एसटीपर्यंत माझ्या लॅपटॉपवर बसायची. मी कँटीनमधून चहा मागवायची. ती मध्येच मान वर करून काहीतरी समजावून सांगायची आणि मी "हं, हं" करायची.

हे सगळं मी मगदूमांना सांगितलं. आवाज चढवून सांगितलं.

"पण मॅडम, मग नाव तुमचं कसं?"

"लॉगिन माझं होतं म्हणून. त्या एडिटरवर शिक्षकाच्या खात्याला वर्गासाठी फुकट वापर मिळतो, विद्यार्थ्याला मिळत नाही. ती माझ्या लॉगिनमधून काम करत होती. आणि मला सांग, या कॉलेजात कधी कुणाला स्वतंत्र लॉगिन दिलंय का आपण? प्रत्येक लॅबला एकच. पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला. तू विद्यार्थी होतास तेव्हापासून!"

ते हसले. त्यांना हसायला नको होतं.

"ते खरं आहे. चिठ्ठ्या मीच चिकटवायचो."

"मग त्या कंपनीला तेवढंच सांग. लॉगिन बाईंचं, काम मुलीचं. यात अवघड काय आहे?"

"मॅडम, हे मी म्हणून कसं चालेल? पुरावा?"

"मी आहे ना पुरावा!"

रोहिणी जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, बिचारी घाबरली आहे. मी तिच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे घाबरू नकोस, मी आहे. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आणि मग मी ती गोष्ट सांगायला घेतली. मला ती कुठेही सांगायची सवयच आहे.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली मी पुण्यात एका संशोधन संस्थेत नोकरीला होते. पंचवीस वर्षांची. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा एक अख्खी गार खोली. प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायचा. गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी. गठ्ठ्याच्या सगळ्यात वरच्या कार्डावर खातेदाराचं नाव. खातं फक्त माझे साहेब डॉ. सबनीस यांचं. मी आठ महिने खपून बीजगणिताची समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला, त्याच घराण्यातल्या भाषेत, जी मी पुढे आयुष्यभर शिकवली. आठ महिने गठ्ठ्यावर सबनीसांचं नाव जात राहिलं. पुढे त्यावर शोधनिबंध छापून आला. लेखक एकच, सबनीस. शेवटी आभार. कार्डांच्या टायपिंगसाठी कुमारी विमल यांचे आभार. टायपिंगसाठी!

"मॅडम," मगदूम सर म्हणाले, "ही गोष्ट तुम्ही आम्हाला वर्गात सांगितली आहे."

"सांगितली असेल. पुन्हा ऐक. कारण तू आज तेच करतो आहेस. चाळीस वर्षं झाली आणि तुम्ही लोक अजून त्या वरच्या कार्डावरचं नाव वाचताय! खाली कुणाचे हात होते ते बघत नाही. लाज वाटली पाहिजे, हणमंत."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी थांबल्याचं जाणवलं. माझा आवाज तिथपर्यंत गेला असणार. जाऊ दे म्हटलं. त्या क्षणी मला फार बरं वाटत होतं, हे आज कबूल करते. चाळीस वर्षं ज्याच्यावर ओरडायचं राहून गेलं होतं, त्याच्यावर मी ओरडत होते.

मगदूम सर उठले, मागच्या कपाटातून एक पुस्तिका काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आकाशी कव्हर, सर्पिल तारेचं बाइंडिंग. फंक्शनल प्रोग्रॅमिंग प्रयोगशाळेची माहितीपुस्तिका. ती मीच लिहिली होती. एडिटर कसा उघडायचा, पहिला प्रोग्रॅम कसा चालवायचा, सगळं चित्रांसह. कव्हरवर माझं नाव. त्याच पुस्तिकेवरून त्या वर्षी शिक्षकदिनाला कॉलेजनं माझा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एवढं नवं तंत्र आत्मसात केलं, वगैरे.

"शेवटचं पान बघा, मॅडम."

मी बघितलं.

आमच्या कॉलेजातल्या प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी एक ठरलेला तक्ता असतो. मार्गदर्शक अमुक. तपासणी अमुक. मुद्रण अमुक. नवी पुस्तिका करताना जुनीच फाइल घ्यायची आणि नावं बदलायची, अशी रीत. मीही तेच केलं होतं. चौथ्या ओळीत छापलं होतं : टायपिंगसाठी मदत : कु. रोहिणी वायदंडे.

मी ती ओळ दोनदा वाचली. ती लिहिल्याचं मला आठवेना. मला सगळं आठवतं. सबनीसांच्या खोलीच्या दाराचा रंग आठवतो, त्यांच्या चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा आठवतो. ही ओळ आठवेना. रकाना होता, भरला असेल. सबनीसांच्या समोरही कदाचित रकानाच असेल.

"हे मी काय समजायचं?" मगदूम सर आता हळू बोलत होते. "तुम्हीच लिहिलंय, मॅडम. कंपनीनं ही पुस्तिका मागवली तर? मला वाटलं, पोरगीनं टायपिंग केलं आणि आता सगळंच माझं म्हणते. कुणालाही वाटेल."

मी रोहिणीकडे बघितलं. ती आता जमिनीकडे बघत नव्हती. ती सरळ माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत भीती नव्हती. मी मघापासून ज्याला भीती समजत होते, ते काय होतं ते मला तेव्हा कळलं. मी ते ओळखायला हवं होतं. पंचवीस वर्षांची असताना मी ते आरशात बघत होते.

"तू हे वाचलं होतंस?" मी विचारलं.

"सत्काराच्या दिवशी सगळ्यांना पुस्तिका वाटल्या की ओ. आईला दाखवलं. आईला वाचता येत न्हाई. माझं नाव छापून आलंय एवढंच सांगितलं."

"सत्काराला तू होतीस?"

"सातव्या रांगेत. टाळ्या पण वाजवल्या."

चारला पाच मिनिटं असताना फोन आला. पडद्यावर एक तिशीतली बाई होती, केस आखूड, मागे पांढरी भिंत. कंपनीची पानसे. तिने नमस्कार वगैरे पटकन उरकला आणि थेट मला विचारलं, "मॅडम, नोंदी तुमच्या नावावर आहेत. काम कुणी केलं?"

"रोहिणीनं."

"तुम्ही मार्गदर्शन केलं?"

"नाही. मी चहा मागवला."

मगदूम सरांनी डोक्याला हात लावला. पानसे हसली नाही.

"मला खात्री करून घ्यावी लागेल. सोप्पं विचारते. तुम्ही नवी आवृत्ती सोडून कंपायलरची जुनी आवृत्ती घेतली आहे. आधी नवी होती, आठव्या दिवशी बदलली. का?"

मी उत्तर शोधलं. रोहिणीने ते मला सांगितलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. चहाचा कप पुढे सरकवताना सांगितलं होतं. मी "हं" म्हटलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"बरं. पहिल्या आठवड्यात मशीन पाच वेळा मध्येच बंद पडलेलं दिसतं. नंतर एकदाही नाही. काय बदललं?"

"माहीत नाही."

"मॅडम, तुम्ही हा विषय किती वर्षं शिकवता?"

"बत्तीस."

"आणि तुम्हाला—"

"भाषा मला येते. भाषेबद्दल काहीही विचारा, आत्ता सांगते. हे लांबच्या मशीनवर उभं करण्याचं काम मला येत नाही. शिकायला हवं होतं, शिकले नाही. ती समजावून सांगत होती तेव्हा मी नुसती मान हलवली. आता मला विचारण्यात वेळ घालवू नका. जिला येतं तिला विचारा."

मगदूम सरांनी कॅमेरा हळूच रोहिणीकडे वळवला. ती उभी राहिली. मी खुणेने बस म्हटलं, ती बसली नाही.

"सगळ्यात नवीन घेतला की लाल रेघ येत नव्हती," ती म्हणाली. पहिलं वाक्य अडखळलं, पुढचं नाही. "चुकीच्या ओळीखाली लाल रेघ दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. त्यो कंपायलरच्या मागनं चालतो. नवी आवृत्ती आली तरी त्याला तिची ओळख पटायला चार-सहा महिने लागतात. दोघांची जोडी जमली पाहिजे. म्हणून एक पाऊल मागं घेतला. आमच्यातल्या पोरांना लाल रेघ दिसली न्हाई तर ती घाबरून बंदच करून टाकतात."

"आणि मशीन बंद पडायचं ते?"

"मेमरी. मी तयार कोडच्या सगळ्या लायब्रऱ्या तिथंच बांधायला लावत होते. चाळीस मिनिटं जायची आणि मग मशीनच मरायचं. मग आधीच बांधून ठेवलेला साचा घेतला, आणि कुठला घ्यायचा ते एका फाइलीत लिहून टाकलं. आता दोन मिनिटांत उघडतं. टॅबवर अडीच."

"टॅबवर?"

"काच फुटलेली हाय. रेघ कुठली आणि तडा कुठला, तेवढं बघावं लागतं."

आता पानसे हसली. मग तिने आणखी दहा मिनिटं विचारलं. त्यातलं बरंचसं मला कळलं नाही, आणि या वेळी मी मान हलवली नाही. शेवटी पानसे म्हणाली, "मला शंका नाही. पण लेखी लागेल. मॅडमच्या सहीनं आणि विभागप्रमुखांच्या. आज सहापर्यंत."

फोन बंद झाला. मी मगदूम सरांकडे कोरा कागद मागितला.

"मॅडम, एक बोलू का?" ते म्हणाले. "मोघम लिहा. दोघींनी मिळून केलं, असं. तेवढ्यानं हिचंही काम होईल. तुमचा सत्कार झालाय. संस्थेच्या वार्षिक अहवालात छापून गेलंय, तुमच्या फोटोसह. आता उलटं लिहिलंत तर लोक काय म्हणतील?"

"अहवाल पुन्हा छाप."

"तसं नसतं ओ."

"मग चूक छापली म्हणून पुढच्या वर्षी छाप. कागद दे."

त्यांनी दिला. मी हातानेच लिहिलं. प्रयोगशाळेची ही सगळी उभारणी कुमारी रोहिणी वायदंडे यांनी एकटीने केली. नोंदींवर माझं नाव आहे, कारण लॉगिन माझं होतं. पुस्तिकेतली चौथी ओळ खोटी आहे आणि ती मी लिहिली आहे. सत्कार चुकीच्या व्यक्तीचा झाला.

मगदूम सरांनी वाचलं. शेवटच्या वाक्यावर पेन ठेवून ते म्हणाले, "एवढं काढा की."

"सही कर, हणमंत."

त्यांनी केली. शिक्का मारताना तो दोनदा वाकडा बसला.

बाहेर व्हरांड्यात आता कुणी नव्हतं. रोहिणी माझ्यापुढे चालत होती. सातची एसटी होती तिची आणि अजून वेळ होता, तरी ती भराभर चालत होती. जिन्यापाशी मी तिला हाक मारली.

"रोहिणी."

ती थांबली.

"चुकलं माझं."

माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, असू द्या मॅडम. आमच्याकडे मुली तसंच म्हणतात. मोठ्या माणसाने चूक कबूल केली की लहानाने घाईघाईने ती पुसून टाकायची. मीही तशीच होते. सबनीसांचा निबंध छापून आला तेव्हा मी त्यांच्या घरी पेढे घेऊन गेले होते.

रोहिणी म्हणाली नाही.

"मॅडम, सहा आठवडे मी तुमच्या म्होरं बसत होते," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तुम्ही मला कधी टाइप करताना बघितलंय का?"

तिने दप्तर खांद्यावर टाकलं आणि दोन्ही हातांच्या तर्जन्या माझ्यासमोर धरल्या.

"ह्या दोन बोटांनी करते. टायपिंग येत न्हाई मला."

आणि ती जिना उतरून गेली. पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला. एकदाही थांबला नाही.

मला कार्डांवर टायपिंग येत नव्हतं. तेव्हा, पुण्यात. एकेक अक्षर शोधून मी ती आठ महिन्यांची कार्डं पाडली होती. हे वाक्य मी सबनीसांना कधी सांगितलं नाही. ते वारले तेव्हाही त्यांच्या घरी जाऊन आले आणि त्यांच्या पत्नीला म्हणाले, सरांचे फार उपकार आहेत माझ्यावर.

रोहिणी पुण्याला गेली. कंपनीत आता तिच्या हाताखाली माणसं आहेत, असं मगदूम सर सांगतात. अहवालात दुरुस्ती छापली गेली, अगदी बारीक अक्षरात, तेराव्या पानावर. शाल मी सत्काराच्या दुसऱ्या महिन्यातच कामवाल्या बाईंना देऊन टाकली होती, त्यामुळे ती परत करायचीही सोय उरली नव्हती.

त्या वर्षी दिवाळीत तासगावहून बेदाण्याची पुडी आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही. आली असती तर मला तिचा फार राग आला असता.